जाणाऱ्या वाटेवरील पहारा

(शासकीय अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सागवानाच्या जंगलातून बाहेर पडणारा ट्रक वन विभागाच्या तपासणी नाक्यावर थांबविला जातो. चालकाजवळ वाहतूक परवाना आहे काय, परवान्यातील माल आणि गाडीतील माल एकच आहे काय, हे पाहिल्यानंतरच अडसर वर उचलला जातो. जंगलात कोण शिरले याकडे लक्ष ठेवणे जितके अगत्याचे, तितकेच तेथून काय बाहेर गेले हे पाहणेही अगत्याचे असते. वन प्रशासनाला ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक आहे. शासनाची आणि जनतेची माहिती आज ज्या संगणकांत साठविली जाते, त्यांच्या बाबतीत मात्र ही जाणीव अद्याप पुरेशी रुजलेली नाही.

उघडी राहिलेली वाट

क्लाउड सर्व्हर म्हणजे दूरच्या माहिती केंद्रातील, भाडेतत्त्वावर घेतलेला संगणक होय. शासकीय कार्यालयांना अशी सेवा सुलभपणे मिळावी म्हणून भारत सरकारने ‘मेघराज’ हा उपक्रम हाती घेतला. अर्ज, दाखले, शाळांची पटनोंदणी, पंचायतींचे हिशेब अशी कितीतरी कामे आता अशा संगणकांवर चालतात. या संगणकाला क्रमांक दिलेली अनेक दारे असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. संकेतस्थळाची सुरक्षित ये-जा ४४३ क्रमांकाच्या दाराने होते, सर्व्हरांमधील ई-मेलची देवघेव २५ क्रमांकाने, तर संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधण्याचे काम ५३ क्रमांकाने चालते.

नवा सर्व्हर घेतला की बाहेरून आत येणारी दारे बंद आणि आतून बाहेर जाणारी सर्व दारे उघडी, अशीच अनेक मेघसेवांची मूळ मांडणी असते. आरंभी काम अडू नये हा तिचा हेतू. परंतु पुढे ती मांडणी तशीच राहून जाते, आणि तेथेच धोका उत्पन्न होतो.

डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ या साधनातील दोष उघडकीस आला, तेव्हा या धोक्याचे स्वरूप साऱ्या जगाला दिसले. जावा भाषेत लिहिलेल्या असंख्य प्रणाली आपल्या कामकाजाची नोंद ठेवण्यासाठी हे साधन वापरीत होत्या. एखाद्याने अर्जाच्या रकान्यात विशिष्ट तऱ्हेची ओळ लिहिली, की ती ओळ नोंदविताना सर्व्हर स्वतःच त्या ओळीतील पत्त्यावर जाई आणि तेथील घातक आज्ञावली घरी घेऊन येई. चोराला दार फोडावे लागले नाही, घरातील माणूसच त्याला बोलवावयास गेला. ज्या सर्व्हरांना अनोळखी पत्त्यावर जाण्याची मुभाच नव्हती, तेथे या हल्ल्याचा नेहमीचा मार्ग खुंटला.

घाईने केलेली बंदी

यावर कोणी म्हणेल की, मग बाहेर जाणारी सर्व दारे आजच बंद करावीत. तथापि हा उपाय कित्येकदा रोगापेक्षा त्रासदायक ठरतो. सर्व्हरलाही बाहेरची कामे असतात. नागरिकाच्या भ्रमणध्वनीवर सांकेतिक क्रमांक पाठविण्यासाठी त्याला संदेशसेवेकडे जावे लागते. शुल्क स्वीकारण्यासाठी बँकेच्या प्रणालीशी बोलावे लागते. घड्याळ जुळविणे, सुधारित आज्ञावली आणणे, माहितीची राखीव प्रत दुसरीकडे ठेवणे ही कामेही बाहेर जाणाऱ्या वाटेनेच होतात.

काही कामांचा खोळंबा तर लगेच दिसतही नाही. संकेतस्थळाच्या ओळखीचे डिजिटल प्रमाणपत्र ठराविक मुदतीचे असते, काही प्रमाणपत्रे अवघ्या ९० दिवसांची. नूतनीकरणाची वाट आज बंद झाली, तर संकेतस्थळ आज चालते, पुढील आठवड्यातही चालते, आणि दोन महिन्यांनी एके सकाळी नागरिकांना धोक्याची सूचना दिसू लागते. तोवर बंदीचा आदेश कोणी दिला होता, हेही कोणाच्या लक्षात राहत नाही.

सेवा बंद पडणे म्हणजे काय, याचा अनुभव देशाने नोव्हेंबर २०२२ मध्ये घेतला. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवरील हल्ल्यात पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. रुग्णनोंदणीसारखी कामे कित्येक दिवस हाताने करावी लागली. जाळ्याची अंतर्गत विभागणी योग्य नव्हती, असे या घटनेसंबंधी संसदेत सांगण्यात आले. हल्ल्याने सेवा बंद पडली काय किंवा रक्षणकर्त्याच्या घाईने बंद पडली काय, रांगेत उभ्या असलेल्या माणसाला त्यात फरक नसतो.

आधी नोंद, मग नियम

यास्तव जाणकार व्यवस्थापक हे काम टप्प्याटप्प्याने करतात. पहिला टप्पा निरीक्षणाचा. सर्व्हरमधून कोणत्या वेळी, कोणत्या पत्त्याकडे, कोणत्या दाराने आणि किती माहिती गेली याची नोंद मेघसेवेत सुरू करता येते. ही नोंद किमान एक संपूर्ण महिना पाहावी. कारण वेतनदेयके, मासिक विवरणे अशी कामे महिन्यातून एकदाच होतात. संशयाच्या खुणा या नोंदीतच सापडतात. अनोळखी पत्त्याकडे दर काही मिनिटांनी नेमाने जाणारा छोटा संदेश, मध्यरात्री बाहेर गेलेली मोठी माहिती, ई-मेल पाठविण्याचे काम नसलेल्या सर्व्हरवरून २५ क्रमांकाच्या दाराने चाललेली गर्दी, लांबलचक व निरर्थक नावांची सतत चाललेली विचारणा, या त्यांतील प्रमुख होत.

अर्थात, एखादा पत्ता घातक असल्याचे निश्चित झाले असेल तर त्यासाठी महिनाभर थांबावयाचे नाही. तेवढाच पत्ता तत्काळ बंद करावा. नेमकी बंदी ताबडतोब आणि व्यापक बंदी सावकाश, असा हा विवेक आहे.

दुसऱ्या टप्प्यात परवान्यांची यादी करावी. प्रत्येक पत्त्यापुढे प्रयोजन आणि जबाबदार अधिकारी यांची नोंद असावी. ज्याचे प्रयोजन कोणालाच सांगता येत नाही, तो पत्ता चौकशीस पात्र समजावा. मोठ्या सेवांचे अंकी पत्ते वारंवार बदलतात, म्हणून त्यांना नावावरून परवानगी देणारी मध्यस्थ व्यवस्था ठेवणे श्रेयस्कर.

तिसऱ्या टप्प्यात नियमांचा क्रम लावावा. प्रथम, आधीच सुरू असलेल्या संभाषणांना मुभा, म्हणजे त्या क्षणी अर्ज भरीत असलेल्या नागरिकाचे काम तुटत नाही. त्यानंतर यादीतील पत्त्यांना मुभा. सर्वांत शेवटी उरलेल्या सर्व वाहतुकीसाठी नियम. परंतु तो आरंभी केवळ नोंद करणारा असावा, अडविणारा नव्हे. काही दिवस त्या नोंदीत एकही रास्त काम आढळले नाही, म्हणजे त्याच नियमाचे रूपांतर बंदीत करावे. येथे एक सावधगिरी हवी. सुरू असलेल्या संभाषणांना मुभा दिली की चोराचे चालू संभाषणही त्यात सुटते. ते शोधून निराळे तोडावे लागते.

फायरवॉलच्या प्रकाराकडेही लक्ष द्यावे. एका प्रकारच्या फायरवॉलला संभाषणाची आठवण असते, त्यामुळे नागरिकाच्या विनंतीला दिलेले उत्तर ती आपोआप बाहेर जाऊ देते. दुसऱ्या प्रकारच्या फायरवॉलला अशी आठवण नसते. तेथे उत्तराची वाट मोकळी ठेवली नाही, तर विनंती आत पोचते आणि उत्तर मात्र दारातच अडते. बंदी घालताच संकेतस्थळ मुके झाल्याची तक्रार येते, तिच्यामागे अनेकदा हेच कारण असते.

नवे नियम प्रथम चाचणीच्या सर्व्हरवर, मग अनेक सर्व्हरांपैकी एकावर आणि त्यानंतरच सर्वांवर लागू करावेत. सर्व नियम एकाच वेळी बदलले जावेत; अर्धे जुने, अर्धे नवे अशी अवस्था क्षणभरही असू नये. शिवाय, ठराविक मिनिटांत अधिकाऱ्याने ‘ठीक आहे’ असे कळविले नाही, तर जुने नियम आपोआप परत यावेत अशी तजवीज करता येते. आपल्याच नियमाने आपणच बाहेर अडकलो, तरी किल्ली हरवत नाही.

संशय खरा ठरल्यास

सर्व्हर बाधित असल्याची खात्री पटली, तर तो झटक्यात बंद करण्याचा मोह टाळावा. त्याच्या स्मृतीत असलेला पुरावा वीज तोडताच नाहीसा होतो. संशयित वाट बंद करावी, डिस्कची तत्कालीन प्रत घ्यावी, स्वच्छ सर्व्हर उभारून नागरिकांची ये-जा त्याकडे वळवावी आणि सर्व गुप्तशब्द बदलावेत. बाहेरची वाट बंद केल्याने प्रसार थांबतो, आतील बिघाड बरा होत नाही. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळविणे बंधनकारक आहे, तसेच नोंदी १८० दिवस जतन करावयाच्या असतात. ज्या कार्यालयाने नोंदच सुरू केली नाही, ते जतन तरी काय करणार?

जबाबदारी कोणाची?

ही सारी तंत्रज्ञांची कामे आहेत, असे म्हणून कार्यालयप्रमुखाला अंग काढून घेता येणार नाही. कोणती सेवा कोणाशी जोडलेली आहे हे तंत्रज्ञाला यंत्रातून दिसते. ती जोडणी कशासाठी आहे आणि ती तुटल्यास गावातील कोणाचे काम अडेल, हे मात्र कार्यालयालाच ठाऊक असते. परवान्यांची यादी दोघांनी मिळून करावयाची आहे. कंत्राट देणाऱ्या अधिकाऱ्याने, शाळेच्या मुख्याध्यापकाने आणि ग्रामपंचायतीच्या सदस्याने सेवा पुरविणाऱ्यास चार प्रश्न अवश्य विचारावेत. सर्व्हरमधून बाहेर काय जाते याची नोंद ठेवली जाते काय? ती नोंद कोण आणि केव्हा वाचतो? बाहेर जाण्याची परवानगी कोणत्या पत्त्यांना आणि का? नियम चुकल्यास किती मिनिटांत पूर्वस्थिती येईल?

या प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाली, तर अर्धे काम झाले असे समजण्यास हरकत नाही. उत्तरे मिळाली नाहीत, तर त्या सर्व्हरच्या नाक्यावर कोणीच उभे नाही, एवढे तरी कळेल. शेतकऱ्याचा उतारा, विद्यार्थिनीची शिष्यवृत्ती आणि वृद्धाचे निवृत्तिवेतन यांची माहिती त्याच वाटेवर आहे. ती माहिती नको त्या हाती जाऊ नये आणि तिच्या रक्षणापायी त्यांचे काम एक दिवसही अडू नये, ही दोन्ही कर्तव्ये एकाच वेळी पार पाडावयाची आहेत.