ताप, पुरळ आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



आम्ही पेशाने शिक्षक. वैद्यकाचा अधिकार आमचा नव्हे. तथापि पालकांच्या या सभेत एका विषयाकडे लक्ष वेधणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

मुलास ताप येऊन पुरळ उठले की ‘गोवर आला’ असे म्हणण्याची आपल्या घरांतून रीत आहे. मग औषध बंद, उशाशी कडुलिंबाचा पाला आणि आठ-दहा दिवस स्वस्थ वाट पाहणे. श्रद्धेविषयी आम्हांस आदर आहे. परंतु हेच दहा दिवस कधी कधी अमोल ठरतात.

जपानमधील बालरोगतज्ज्ञ डॉ. टोमिसाकू कावासाकी यांनी १९६१ साली चार वर्षांच्या एका मुलात एक निराळा विकार पाहिला आणि १९६७ साली अशा ५० मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. पाच दिवस वा अधिक ताप, लाल डोळे, फुटलेले ओठ, लालबुंद जीभ, पुरळ, हातापायांस सूज, मानेत गाठ ही त्याची लक्षणे होत. यात रक्तवाहिन्यांचा दाह होतो. उपचार न झाल्यास सुमारे चारांतील एका मुलाच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांस इजा पोहोचते.

याचे निश्चित कारण अद्याप सिद्ध झालेले नाही. परंतु विषाणूच्या संसर्गाने ठिणगी पडत असावी, असा अनेक तज्ज्ञांचा कयास आहे. मिरचीच्या शेतातील राखणदाराने चोर पळाल्यावरही अंधारात गोफण फिरवीत राहावे आणि धोंडे घरच्याच माणसांस लागावेत, तशी शरीराच्या रक्षकशक्तीची गत होते.

२०२० साली करोनाच्या साथीत असाच प्रकार जगापुढे आला. संसर्गानंतर दोन ते सहा आठवड्यांनी, प्रथम इंग्लंडात व पाठोपाठ आपल्या मुंबईतही, काही मुलांस ताप, पोटदुखी, पुरळ व डोळ्यांची लाली येऊन हृदयास बाधा झाली. विकार कावासाकीच्या रोगाशी मिळताजुळता होता. कित्येकांचा मूळ आजार तर जाणवलाही नव्हता!

समाधानाची गोष्ट ही की, कावासाकीच्या रोगावर उपाय आहे. रक्तदात्यांच्या रक्तातील प्रतिद्रव्ये वेगळी काढून ती शिरेवाटे देतात. पहिल्या दहा दिवसांत ती मिळाल्यास हृदयाचा धोका पुष्कळच घटतो. आपल्या जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरांतून नंदुरबार गाठण्यातच वेळ मोडतो. त्यात घरी आठवडा गेला, तर उरते काय?

म्हणून आमची विनंती एवढीच. ताप तीन दिवसांवर गेला की मूल डॉक्टरांस दाखवावे. मागील दीड महिन्यात घरात कोणास कोणता आजार झाला, तेही सांगावे. गोवर असला तरी तो दाखवावाच, आणि त्याची लस चुकवू नये. ॲस्पिरिनची गोळी मुलास आपल्या मनाने देऊ नये.

हा कोणाचा कोप नव्हे, की मातेचा दोष नव्हे. दिवस मात्र मोजलेले आहेत. ते वाया जाऊ न देणे आपल्या हाती आहे.