मोठ्या अक्षरांतलं नाव



आपल्या देवनागरीत लहान अक्षर आणि मोठं अक्षर असा भेद नाही. लग्नपत्रिकेवर नाव जसं येतं तसंच ते सातबाऱ्यावर येतं. म्हणून आज ज्या समजुतीबद्दल बोलायचं आहे, ती आधी जरा उलगडून सांगायला हवी. रोमन लिपीत सरकारी कागदांवर नाव बरेचदा सगळंच्या सगळं मोठ्या अक्षरांत छापतात. वाचताना घोटाळा होऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू. पण अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया या देशांत अशी माणसं आहेत, जी म्हणतात की मोठ्या अक्षरांतलं ते नाव आमचं नव्हेच. ते दुसऱ्या कुणाचं तरी आहे.

हा दुसरा कोण? त्यामागे एक लांबलचक कथा आहे. जून १९३३ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं एक ठराव केला. कर्जाच्या करारांत 'परतफेड सोन्यातच करावी' अशी अट असे, ती त्या ठरावानं रद्द झाली. मंदीच्या काळातला तो आर्थिक निर्णय होता, आणि तेवढा भाग खरा आहे. पुढची कथा रचलेली आहे. सोनं संपल्यावर सरकारनं म्हणे आपली माणसंच सावकारांकडे गहाण टाकली. मूल जन्मलं आणि जन्माचा दाखला निघाला, की मोठ्या अक्षरांतल्या नावाची एक कागदी व्यक्ती तयार होते. तिच्या नावानं सरकारी खजिन्यात गुप्त खातं उघडलं जातं. या कागदी व्यक्तीला ते 'पेंढ्याचा माणूस' म्हणतात. कर, घराचा हप्ता, वाहतुकीचा दंड, खटला, सगळं त्याच्यावर. हाडामांसाचा माणूस मोकळा. म्हणून ही मंडळी आपलं नाव वेगळ्या तऱ्हेनं लिहितात. मध्ये आडव्या रेघा, दोन टिंबं, 'अमुक घराण्यातला अमुक' अशी रचना. सही लाल शाईत करतात, काही जण तर रक्तानं अंगठा उमटवतात.

या समजुतीला चिकटायला खऱ्या कायद्यात एक जागा सापडते, म्हणून ती टिकते. माणसाखेरीज इतरही 'व्यक्ती' कायद्याला मान्य असतात. कंपनी असते, नगरपालिका असते. आपल्याकडे तर देवाच्या नावावर जमीन असते आणि देव न्यायालयात पक्षकार असतो. पण म्हणून जिवंत माणसाचे दोन तुकडे होत नाहीत. हक्क ज्याचे, जबाबदाऱ्याही त्याच्याच, आणि नाव ही फक्त त्याची ओळख. ते कुठल्याही अक्षरांत लिहिलं तरी न्यायालयासमोर उभा असलेला माणूस तोच राहतो.

या विचाराचं मूळ फार कडवट आहे आणि त्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत 'पॉसी कॉमिटाटस' नावाची चळवळ वाढली. विल्यम पॉटर गेल हा निवृत्त लष्करी अधिकारी तिच्या प्रमुख प्रचारकांपैकी एक. ही चळवळ उघडउघड वंशद्वेषी आणि ज्यूद्वेषी होती. नागरिक दोन प्रतीचे असतात, असा सिद्धान्त या वर्तुळात रुजला. एक जन्मजात सार्वभौम, म्हणजे गोरे. दुसरे चौदाव्या घटनादुरुस्तीनं झालेले, म्हणून कनिष्ठ आणि सरकारच्या ताब्यातले. ही दुरुस्ती कोणती? १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला होता की आफ्रिकी वंशाची माणसं देशाची नागरिक होऊच शकत नाहीत. यादवी युद्धानंतर, १८६८ मध्ये, चौदाव्या दुरुस्तीनं तो अन्याय पुसला आणि गुलामगिरीतून सुटलेल्यांना नागरिकत्व दिलं. तीच दुरुस्ती या लोकांनी 'कनिष्ठपणाचा शिक्का' ठरवली.

आणि पुढे जे झालं त्यानं मन खरोखर विषण्ण होतं. हेच युक्तिवाद १९९० च्या दशकापासून काही कृष्णवर्णीय अमेरिकनांनीही उचलले. नोबल ड्रू अली यांच्या 'मूरिश सायन्स टेंपल' या पंथात अनुयायी आपल्या नावाला 'एल' किंवा 'बे' जोडतात. ज्यांच्या पूर्वजांची नावं गुलामांच्या बाजारात पुसली गेली, त्यांना स्वतःचं नाव हवं असणं मी मनापासून समजू शकतो. पण त्या नावाच्या आधारे काही जण म्हणू लागले की १७८६ चा मोरोक्को आणि अमेरिका यांच्यातला तह आम्हाला लागू आहे, अमेरिकेचा कायदा नाही. खुद्द त्या पंथानं हा दावा झिडकारला आहे. ज्यांच्या पणजोबांना कायद्याबाहेर ठेवलं होतं, त्यांच्या पणतवंडांना आज कुणी पैसे घेऊन कायद्याबाहेर जाण्याची वाट विकतो. याहून मोठी फसवणूक मला माहीत नाही.

हो, हे विकलं जातं. शिबिरं असतात, कागदांचे तयार संच असतात. 'पेंढ्याच्या माणसा'च्या खात्यावर हुंडी काढून कर्ज फेडायचं तंत्र पसरवणारा रॉजर एल्विक तुरुंगात गेला. अमेरिकेचा कर विभाग असले बिनबुडाचे दावे करणाऱ्याला पाच हजार डॉलर दंड करतो. चिडलेले अनुयायी न्यायाधीशांच्या आणि अधिकाऱ्यांच्या घरांवर खोटे बोजे चढवू लागले, तेव्हा २००८ मध्ये त्यासाठी दहा वर्षांपर्यंत कैद असा कायदा आला. २०१० मध्ये आर्कान्सामधल्या वेस्ट मेम्फिस इथे हीच मतं बाळगणाऱ्या बापलेकांनी रस्त्यावर गाडी अडवणाऱ्या दोन पोलिसांना गोळ्या घातल्या. मुलगा सोळा वर्षांचा होता. त्याच दिवशी पोलिसांबरोबरच्या चकमकीत दोघंही मारले गेले.

आता कॅनडातल्या एका निकालाबद्दल बोलतो, कारण मला तो फार मोलाचा वाटतो. २०१२ साली अल्बर्टा प्रांतात एडमंटनला घटस्फोटाचा एक साधा खटला चालू होता. पोटगी, मालमत्तेची वाटणी, जे प्रश्न कुठल्याही मोडत्या संसारात येतात तेच. नवऱ्यानं मात्र वकील न घेता कागदांचा ढीग न्यायालयात आणला. त्याचं नाव टिंबांनी आणि रेघांनी तोडलेलं, वर आपण दोन व्यक्ती आहोत हा दावा. सुनावणी चालू असतानाच तो निघून गेला. न्यायमूर्ती जॉन रूक दोन ओळींत सगळं फेटाळू शकले असते. त्यांनी तसं केलं नाही. त्यांनी सातशेहून अधिक परिच्छेदांचा निकाल लिहिला. हे युक्तिवाद कुठून येतात, कसे विकले जातात, एकेक का टिकत नाही, हे त्यांनी सविस्तर मांडलं. हे शिकवणाऱ्या गुरूंना त्यांनी सरळ बांडगुळं म्हटलं. आणि अनुयायांना उद्देशून लिहिलं, की जो गुरू तुम्हाला हे विकतो त्याला विचारा, तुम्ही स्वतः हे कोर्टात वापरून कधी जिंकलात का? इतर देशांतली न्यायालयंही आज या निकालाचा आधार घेतात.

मला त्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की रूक यांनी विकणारा आणि विकत घेणारा यांच्यात फरक केला. विकत घेणारा बहुधा अडलेला असतो. घर लिलावात निघालेलं, मुलांचा ताबा गेलेला, नोकरी सुटलेली. कायद्याची भाषा त्याला कधी कुणी समजावलेली नसते, म्हणून त्याच भाषेसारखा वाजणारा मंत्र त्याला खरा वाटतो. अशा माणसाला हसण्यानं तो त्या गुरूकडेच परत ढकलला जातो. तुमचा कुणी नातेवाईक तिकडे राहत असेल आणि 'कर्ज फेडायची गरज नाही, एक कागद पाठवला की झालं' असं फोनवर सांगू लागला, तर त्याच्याशी भांडू नका. त्याला कशाची भीती वाटते आहे, ते आधी विचारा. मग स्थानिक विधी साहाय्य केंद्राचा पत्ता शोधायला त्याला मदत करा.

कारण खरी वाट असते. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात शेतजमिनीचे भाव कोसळले, व्याजाचे दर चढलेले होते, आणि कर्जापायी हजारो कुटुंबांच्या शेतांवर जप्ती आली. 'पॉसी'चे प्रचारक गावोगाव फिरले ते याच वेळी. त्यांच्या कागदांवर विसंबून बँकांना खोटे दावे पाठवणाऱ्या शेतकऱ्यांची जमीन वाचली नाही, उलट काहींवर फौजदारी खटले झाले. त्याच काळात, १९८६ मध्ये, अमेरिकी काँग्रेसनं दिवाळखोरीच्या कायद्यात बारावं प्रकरण घातलं, खास शेतकरी कुटुंबांसाठी. त्यानुसार शेतकरी स्वतःच न्यायालयात अर्ज करतो आणि जमीन कसत राहून तीन ते पाच वर्षांची परतफेडीची योजना मांडतो. जमिनीचा भाव पडला असेल, तर तारणाचं कर्ज त्या पडलेल्या भावापर्यंत खाली आणता येतं. ही तरतूद सुरुवातीला तात्पुरती होती. काँग्रेसनं तिची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली आणि २००५ मध्ये ती कायमची केली.