मुळांवरील शत्रु

आमच्या जऊळक्याकडे, वाशीम जिल्ह्यांत, कधीं सोयाबीनचें हिरवें रोप एकाएकीं सुकतें. उपटून पाहावें तों मुळें कुरतडलेलीं! हें हुमणीचें काम.

वळवाचा पाऊस पडतांच तिचे भुंगेरे सायंकाळीं कडुनिंब-बाभळींवर जमतात. ते झाडून रॉकेलमिश्रित पाण्यांत टाकावे. पण साऱ्या गांवानें एकाच वेळीं, कारण भुंगेरे बांध मानीत नाहींत. कच्चें शेणखत हुमणीस पोसतें. म्हणून तें पुरतें कुजवूनच घालावें.

डोळ्यांस न दिसणाऱ्या सूत्रकृमींमुळें मुळांवर गांठी येतात. झेंडूच्या मुळांतील द्रव्य त्यांस मारक आहे. शहरांतील श्रोत्यांनींहि वांग्या-टोमॅटोच्या वाफ्यांत झेंडू लावावा व निंबोळी पेंड मिसळावी.

पानांवरील कीड दिसते, मुळांवरील दिसत नाहीं. तिचा बंदोबस्त पेरणीपूर्वींच केला, तरच शेतकऱ्याचें वर्ष वांचतें.