जुनेरातून निवारा



ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा व पंचगंगा यांच्या पुराने कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील अनेक गावे वेढली. जुलै २०२१ मध्ये तोच प्रसंग पुन्हा ओढवला. अशा वेळी उंचावरील शाळा हेच पूरग्रस्तांचे पहिले आश्रयस्थान ठरते. पुढे पाणी ओसरते; परंतु ज्याची भिंत खचली, ते कुटुंब लगेच घरी परतू शकत नाही आणि तोवर वर्गही भरत नाहीत. निवारा की शिक्षण, असा पेच गावापुढे पडू नये, यासाठी पुन्हापुन्हा उभारता येईल अशा तात्पुरत्या निवाऱ्याचा विचार अगत्याचा आहे.

त्यासाठी लागणारे साहित्य याच परिसरात टाकाऊ म्हणून पडून असते. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग सुरू केला. आज ते वस्त्रोद्योगाचे मोठे केंद्र आहे. धोट्याविना चालणाऱ्या मागांवर कापडाच्या कडेची पट्टी कापून निघते, शिलाईच्या कारखान्यांत कातरण साचते. पट्ट्यांना पीळ दिला की दोर होतो. कातरण पिंजले की अस्तराचा जाड थर होतो. ही विद्या नवी नाही. इंग्लंडमधील बॅटली येथे बेंजामिन लॉ याने १८१३ साली लोकरीच्या चिंध्या पिंजून त्यांपासून पुन्हा कापड तयार केले. हरियाणातील पानिपत येथे याच रीतीने जुन्या लोकरी कपड्यांची ब्लँकेटे बनत आली आहेत.

महाराष्ट्रातील गृहिणीला तर हे शिकवावयास नकोच. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून जवळजवळ धावदोरा घातला की जीर्ण वस्त्रालाही बळ येते आणि थरांत कोंडलेली हवा ऊब धरते. गोधडीचा हाच न्याय कनातीला लावावयाचा आहे.

मात्र वस्त्राचे गुणदोष ओळखूनच रचना केली पाहिजे. कापड ताण सोसते, भार सोसत नाही. म्हणून भार बांबूच्या मेढींवर असावा आणि कापड तणाव्यांनी ताठ ओढलेले असावे. छप्पर उतरते हवे. नाहीतर पाणी साचून झोळी होते व शिवण उसवते. बाहेरून ताडपत्री आणि आतून गोधडीचा थर, अशी योजना ठेवावी. सुताला ओल आणि बुरशी बाधते, कृत्रिम धागा आगीत वितळून अंगाला चिकटतो. तेव्हा चूल निवाऱ्यापासून दूरच मांडावी. कनात अखंड न करता सारख्या मापाचे तुकडे नाड्यांनी जोडावेत. एक फाटला तर तेवढाच बदलता येतो.

निवाऱ्याची खरी कसोटी उभारणीत नसून उतरवण्यात आहे. काम सरल्यावर प्रत्येक तुकडा धुवावा, उन्हात पूर्ण वाळवावा, मोजावा आणि कोरड्या जागी फळीवर ठेवावा. ग्रामपंचायतीच्या जडसंग्रह नोंदवहीत त्याची नोंद असावी व जबाबदारी एका व्यक्तीकडे असावी. दरवर्षी मृगापूर्वी उंच जागी एकदा तो उभारून पाहावा. ओला गुंडाळलेला तंबू पुढच्या पुरात कुजलेलाच हाती येतो. नीट घडी घातलेल्या जुनेरामुळे मात्र कुटुंबाला छप्पर मिळते आणि शाळेची घंटाही वेळेवर वाजते.