उरलेली त्वचा आणि विम्याचा हक्क



वजन पुष्कळ घटले तरी ताणलेली त्वचा बहुधा पूर्ववत आकसत नाही. नंदुरबारच्या उन्हाळ्यात तिच्या घड्यांत घाम साचतो, त्वचा चिघळते, वारंवार संसर्ग होतो. तरीही ती काढण्याचा दावा अनेकदा ‘सौंदर्यशस्त्रक्रिया’ ठरवून नाकारला जातो.

परंतु विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अपवाद नमूद केला होता. आरोग्याचा प्रत्यक्ष व तातडीचा धोका टाळण्यासाठी शस्त्रक्रिया आवश्यक असल्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केल्यास हे वर्जन लागू होत नाही. म्हणून संसर्गाच्या नोंदी, औषधांच्या चिठ्ठ्या व छायाचित्रे जपावीत. पूर्वमंजुरी लेखी मागावी. नकार आल्यास प्रथम कंपनीकडे तक्रार करावी; तेथेही नकार मिळाल्यास वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

व्याधीला हौस समजले जाऊ नये, यासाठी कागदच साक्षीदार होत.