भट्टीपुढची पंधरा मिनिटे

(हीरक महोत्सवी स्नेहमेळाव्यातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



१९६५ साली वडोदऱ्याजवळ कोयली येथे तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. तेव्हापासून रात्रपाळी करणाऱ्या वडिलांची मुले आपल्या शाळेत येत राहिली. मी मराठीची शिक्षिका. भट्टीचे शास्त्र मला एका पालकांनी शिकवले. नळ्यांतून कच्चे तेल वाहते, बाहेर ज्वाला. तेल सुमारे ३५० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. प्रवाह मंदावला की नळीच्या आत कोकचा थर बसतो, उष्णता पुढे जात नाही, धातूच अधिकाधिक तापतो आणि अखेर नळी फुटते.

हे गृहस्थ ज्या कारखान्यात होते, तेथे एका पहाटे भट्टीची ज्योत विझली. "लगेच पेटवा," असा वरून तगादा. त्यांनी आधी इंधनाची झडप बंद केली. वाफ सोडून साचलेला वायू बाहेर घालवला, तो उरला नाही याची मापकाने खात्री केली, मगच ठिणगी दिली. पंधरा मिनिटे गेली. त्यांचा लेखी जबाब देता देता सकाळ सरली. पालकसभेला उशीर झाला म्हणून मीही त्यांना चार शब्द सुनावले! ते नुसते हसले. कारण मला वर्षभराने कळले.

त्यांची कन्या आज समोर बसली आहे. ज्योत विझताच इंधन आपोआप तोडणारी यंत्रणा तपासणे, हे तिचे काम. ती यंत्रणा 'तात्पुरती बायपास करू' म्हणून आलेल्या कागदावर ती सही करीत नाही, असे ऐकते.