पान उलटण्यापूर्वी : चित्रपुस्तकांतून संभाव्यतेची ओळख



पहिलीच्या वर्गात चित्रपुस्तक उघडले आहे. चित्रात आभाळ काळ्या ढगांनी भरले आहे आणि अंगणातील खाटेवर कुरडया वाळत घातलेल्या आहेत. पान उलटण्यापूर्वी शिक्षिका विचारते, "आता काय होईल?" एक मुलगी चटकन सांगते, "पाऊस येईल, कुरडया भिजतील." पान उलटते. वारा सुटून ढग पांगले आहेत आणि कुरडया जागच्या जागी आहेत. "चुकली, चुकली!" म्हणून वर्ग हसू लागतो.

या क्षणी शिक्षिका काय बोलते याला फार महत्त्व आहे. "हो, चुकलेच" असे म्हणून ती पुढे गेली, तर पुढच्या खेपेस ती मुलगी तोंड उघडणार नाही. "ढग काळे होते, म्हणून तुझा अंदाज चांगलाच होता, या वेळी घडले मात्र निराळे," असे ती म्हणाली, तर साऱ्या वर्गाला संभाव्यतेचा पहिला पाठ मिळाला असे समजावे. अंदाज चांगला असणे आणि तो खरा ठरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद बालवयात मनात रुजविणे, हेच या विषयाचे प्राथमिक शाळेतील खरे कार्य होय.

महाराष्ट्रात २०१८ साली लागू झालेल्या दहावीच्या गणितात 'संभाव्यता' हे प्रकरण आहे. तेथे नाणी, फासे व पत्ते येतात आणि उत्तरे अपूर्णांकात मांडली जातात. तथापि त्या अपूर्णांकामागील विचार दहावीपर्यंत थांबून राहत नाही. जीन पियाजे व बार्बेल इन्हेल्डर यांनी १९५१ साली मुलांच्या मनातील यदृच्छेच्या कल्पनेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. सुमारे सात वर्षांखालील बालकाला 'घडणारच' आणि 'घडू शकेल' यांतील अंतर स्पष्टपणे उमगत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे इफ्राइम फिशबाइन यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात निराळी बाजू मांडली. लहान मुलांजवळही संभवाची एक सहज जाणीव असते आणि योग्य शिक्षणाने ती वाढविता येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. शिक्षकाने या दोन्ही मतांतून एकच बोध घ्यावा : गणिताची घाई करू नये, आणि विचारालाही अकारण थांबवून ठेवू नये.

या कामी चित्रपुस्तकासारखे साधन दुसरे नाही. फासा पडला की संपला, परंतु चित्रपुस्तकाचे पान उलटण्यापूर्वी थांबता येते, चित्रातील पुरावा पुन्हा पाहता येतो आणि मागील पानावर परतून "आपण असे का म्हणालो?" हे तपासता येते.

जपानमध्ये या विषयावर एक उत्तम चित्रपुस्तक झाले आहे. गणिती त्सुयोशी मोरी यांनी ते लिहिले आणि मित्सुमासा आन्नो यांनी त्याची चित्रे काढली. 'सॉक्रेटिस आणि तीन छोटी डुकरे' अशा अर्थाच्या नावाने १९८६ साली ते इंग्रजीत आले. आन्नो हे चित्रकार म्हणून नावारूपास येण्यापूर्वी प्राथमिक शाळेत शिक्षक होते, ही गोष्ट या ठिकाणी मुद्दाम सांगण्याजोगी आहे. पुस्तकात सॉक्रेटिस नावाचा एक विचारी लांडगा आहे. डुकरे तीन आणि घरे पाच. तेव्हा कोणत्या घरात कोण असेल, हा त्याच्यापुढील प्रश्न. प्रत्येक डुकराचे घर स्वतंत्र असेल तर ती ६० प्रकारे राहू शकतात. एका घरात कितीही राहू शकत असतील, तर हे प्रकार १२५ होतात. एवढी मोजणी बालवर्गासाठी नाही. मात्र झडप घालण्यापूर्वी 'काय काय शक्य आहे' याची मांडणी करणारा लांडगा मुलांना सहज समजतो.

हे पुस्तक हाताशी नसले तरी काही अडत नाही. जुन्या दिनदर्शिकेच्या कोऱ्या बाजूवर शिक्षकाला असेच पुस्तक तयार करता येते. कोंबडीची तीन पिले पाच डालग्यांखाली दडली आहेत. एका डालग्याखाली एकच पिलू आहे. प्रत्येक डालगे म्हणजे वर चिकटविलेला, उचलता येणारा कागद. कोणती दोन डालगी रिकामी असतील, ते तिसरी-चौथीच्या मुलांनी चित्रे काढून शोधावे. असे बरोबर १० प्रकार निघतात. द्विशिक्षकी शाळेत मोठी मुले ही मोजणी करीत असता लहान मुलांनी डालगी उचलून पाहावी.

पहिले डालगे उचलले आणि ते रिकामे निघाले, तर मुले हिरमुसतात. येथेच शिक्षकाने विचारावे, "आता पुढच्या डालग्याखाली पिलू सापडण्याची आशा वाढली की घटली?" आधी पाचांपैकी तिहींखाली पिले होती, आता उरलेल्या चारांपैकी तिहींखाली आहेत. म्हणजे आशा वाढली! निराशेच्या जागी विचार आला की मुलांचे चेहरे उजळतात.

याच्या जोडीला अगदी निराळा अनुभव द्यावा. चिंचोका फोडून त्याची अर्धुके खेळात टाकण्याची रीत खेड्यातील मुलांना ठाऊक असते. एक अर्धुक घेऊन ते पुनःपुन्हा टाकावे आणि पांढरी बाजू किती वेळा, तपकिरी किती वेळा, याच्या रेघा फळ्यावर ओढाव्यात. दोन्ही बाजू सारख्याच वेळा पडतील असे आधीच सांगू नये; अर्धुकाचा आकार दोन्हीकडून सारखा नसतो, म्हणून पन्नास-शंभर वेळा टाकून मोजणे हाच मार्ग. सलग चार वेळा तपकिरी बाजू पडली की मुले म्हणतात, "आता पांढरीच येणार." परंतु चिंचोक्याला मागची आठवण नसते. डालगी उचलताना मागच्या घटनेने पुढचा संभव बदलतो. चिंचोका टाकताना बदलत नाही. हा फरक ज्याला बालपणी हाताने कळला, तो मोठेपणी "आता आपलाच आकडा लागणार" या आशेने सोडतीच्या तिकिटांवर मजुरी उधळणार नाही, अशी अपेक्षा धरता येते.

भाषेच्या तासालाही हा अभ्यास चालू ठेवावा. ओसरीवर एक दोरी बांधावी. तिच्या एका टोकाला 'अशक्य' आणि दुसऱ्या टोकाला 'नक्की' अशी पाटी अडकवावी. मध्ये 'क्वचित', 'कदाचित' व 'बहुधा' यांना जागा द्यावी. पुस्तकातील प्रसंगाची चित्रे मुलांनी कारण सांगून दोरीवर टांगावीत. नवे पान वाचल्यावर चित्र सरकवावेसे वाटले तर अवश्य सरकवू द्यावे. मत बदलणे हा येथे दोष नसून गुण आहे.

दोन पथ्ये मात्र सांभाळावीत. खेळात पैज किंवा बक्षीस ठेवू नये. आणि कोणत्याही मुलास 'नशीबवान' अथवा 'कमनशिबी' म्हणू नये. थट्टेत पडलेले असे नाव त्या मुलास वर्षानुवर्षे चिकटून राहते.

अखेर, ही मुले बहुतांशी शेतकऱ्यांची आहेत. पुरेशी ओल पाहून, जाणत्यांना विचारून बापाने पेरणी केली आणि नंतर पावसाने दडी मारली, तर गाव त्याला मूर्ख ठरविते. तो स्वतःही तसेच मानू लागतो. घरी आलेल्या अशा दिवसात "बाबा, तुमचा अंदाज चांगला होता, या वेळी घडले मात्र निराळे," असे म्हणणारे एक लेकरू त्या घरात असावे. ते शब्द त्याला शाळेतच मिळावयाचे आहेत, आणि त्यांची सुरुवात पान उलटण्यापूर्वीच्या त्या क्षणभर थांबण्यात आहे.